लघवीतले रक्त थांबले, पण रिपोर्ट अजून बाकी आहे

यंदा रोवणीच्या दिवसांत सिकलसेलच्या नोंदी घेण्यासाठी मार्कंडा परिसरातील एका वस्तीत गेले होते. चामोर्शी तालुक्यातला हा वैनगंगेकाठचा भाग, नदीपलीकडे चंद्रपूर जिल्हा. एका घरी काकू म्हणाल्या, "सिस्टर, यायचं नागपूरले ऑपरेशन झालं. आता बेस आहेत." काका साठीच्या आसपासचे. रोवणीवरून नुकतेच परतलेले, बांधावरचा चिखल पायाला तसाच. मी कागद मागितले. काकूंनी पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. डिस्चार्ज कार्डावर शेवटच्या ओळीत इंग्रजीत लिहिले होते की हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट घेऊन पंधरा दिवसांनी दाखवायला यावे. शस्त्रक्रियेला चाळीस दिवस झाले होते.

"रिपोर्ट आणला का काका?"

"कोनता रिपोर्ट? रगत तं बंद झालं ना. मंग कायले जावाचं?"

त्यांना कोणी सांगितलेच नव्हते असे मी म्हणणार नाही. सांगितले असेल, वॉर्डाच्या दारात, घाईत. मीही अनेक वर्षे वॉर्डात तसेच सांगत आले आहे, 'पंधरा दिवसांनी रिपोर्ट घेऊन या.' का यायचे, हे सांगायला माझ्याकडे दोन मिनिटे नसत, आणि रुग्णाचे नातेवाईक विचारायला घाबरत. ती राहून गेलेली दोन मिनिटे आज या पानावर भरून काढते आहे. (काकांची ओळख पटू नये म्हणून थोडा तपशील बदलला आहे.)

काकांना मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या हंगामात पहिल्यांदा लाल लघवी झाली. दुखले नाही, जळजळ नाही. दिवसभर उन्हात पाने तोडणारा माणूस, सगळ्यांना वाटले उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचे पाणी दिले, दोन दिवसांत लघवी साफ झाली. आठ दिवसांनी पुन्हा लाल, या वेळी गुठळ्यांसह. मूत्राशयाच्या कर्करोगाचे रक्त असेच येते आणि आपोआप थांबतेही. थांबते त्या दिवशी जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळते, मग ते धने-जिरे असो, मुतखड्याचा काढा असो की मेडिकलमधून आणलेली गोळी. म्हणून एक गोष्ट घराघरात सांगा: न दुखता लघवीतून रक्त एकदा जरी दिसले तरी तपासणी करायचीच. बायकांच्या बाबतीत तर आणखी उशीर होतो. पाळीचे असेल, गर्भाशयाचे असेल, लघवीला जंतुसंसर्ग झाला असेल, असे म्हणत महिने जातात आणि अँटिबायोटिकच्या पट्ट्या संपत राहतात.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणजे अर्धी तपासणीच

सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ दिसली की लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून ती खरवडून काढतात. पोटाला चीर नाही, टाके नाहीत, कमरेत इंजेक्शन देऊन भूल. दोन-चार दिवसांत नळी निघते, रक्त थांबते, माणूस घरी येतो. घरच्यांना वाटते आजार काढला. डॉक्टरांच्या लेखी मात्र त्या दिवशी दोन कामे झालेली असतात. दिसत होती ती गाठ काढली आणि तिचे तुकडे तपासायला पाठवले. पुढे काय करायचे ते त्या तुकड्यांवर ठरते.

मूत्राशयाची भिंत घराच्या भिंतीसारखी समजा. आतून चुन्याचा हात, त्याखाली गिलावा, त्याखाली विटा. कर्करोग आतल्या चुन्यात उगवतो. तो तेवढ्यातच आहे, गिलाव्यात उतरला आहे, की विटांना म्हणजे स्नायूला धरला आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. पॅथॉलॉजीचे डॉक्टर तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, पातळ काप काढतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पेशी किती आक्रमक आहेत तेही त्यात दिसते. रिपोर्टात 'लो ग्रेड' किंवा 'हाय ग्रेड' असे लिहिलेले असते ते त्याबद्दल. या कामाला एक ते दोन आठवडे लागतात, कधी जास्त.

रिपोर्टात आणखी एक ओळ शोधायची, तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. तुकड्यांत स्नायू आला होता का? स्नायूच आला नसेल तर विटेपर्यंत रोग गेला की नाही हे कोणी सांगू शकत नाही. अशा वेळी, किंवा रोग गिलाव्यापर्यंत उतरलेला असेल तर, दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा एकदा दुर्बीण घालून त्याच जागी खरवडावे लागते. हे ऐकले की घरात वाद सुरू होतो, 'पहिल्यांदा नीट केलं नाही', 'पैसे काढायला बोलावतात.' तसे नाही. ही दुसरी खरवडणी उपचाराच्या नियमातच आहे आणि काही जणांत तिच्यामुळेच खोल गेलेला रोग सापडतो.

सोबत छाती-पोटाचा सीटी स्कॅन होतो. त्याआधी रक्तातले क्रिएटिनिन बघावे लागते, कारण सीटीत शिरेतून जे औषध देतात ते मूत्रपिंडातून बाहेर पडते. हे सगळे कागद हाती आल्यावर मोठ्या दवाखान्यांत शस्त्रक्रियेचे, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात. ही बैठक आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी असते. एक कागद कमी असला की तुमचे नाव पुढच्या बैठकीवर जाते. तुम्ही बाकड्यावर बसून वाट बघता तेव्हा आत हे चाललेले असते.

सिकलसेलचे कार्ड विसरू नका

आपल्या भागात सिकलसेल आदिवासी बांधवांमध्ये आहे तसा बौद्ध समाजातही आहे, हे या पानाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. सिकलसेलचा रुग्ण असो वा नुसता वाहक, त्याच्या लघवीतून कधीकधी न दुखता रक्त येते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी चूक होते. वाहक असलेल्या साठीच्या माणसाचे रक्त 'सिकलचेच असेल' म्हणून सोडून दिले जाते. उलट पंचविशीतल्या वाहक मुलाला लघवीतून रक्त आले की घरचे कर्करोगाच्या भीतीने गळून जातात. दोघांचीही तपासणी करायची. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला सिकलसेल असला तरी दुर्बीण टाळायची नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आणि सीटी काढणाऱ्यांना सिकलसेलबद्दल आधी सांगायचे, कारण सिकलसेलच्या रुग्णाला भुलीच्या वेळी पाणी आणि ऑक्सिजन कमी पडून चालत नाही. नागपूरच्या मोठ्या गर्दीत हे कोणी आपणहून विचारेल अशा भरवशावर राहू नका. कार्ड फाईलच्या पहिल्या पानाला लावा.

उपचार कोणते निघू शकतात

नव्याने सापडलेल्या दर चार रुग्णांपैकी साधारण तिघांचा रोग स्नायूपर्यंत पोहोचलेला नसतो, ही धीर देणारी गोष्ट आहे. पण तो पुन्हा पुन्हा उगवणारा रोग आहे. म्हणून सौम्य असला तरी तीन महिन्यांनी दुर्बिणीने बघावे लागते आणि त्यानंतरही ठरलेल्या अंतराने बघत राहावे लागते.

हाय ग्रेड किंवा गिलाव्यात उतरलेल्या रोगाला बहुधा बीसीजी देतात. बाळाच्या दंडावर टोचतात आणि खूण राहते, तीच क्षयरोगाची बीसीजी. फक्त मात्रा वेगळी आणि ती नळीने मूत्राशयात सोडतात. १९७६ साली कॅनडातील डॉ. अल्व्हारो मोरालेस यांनी हा उपाय प्रथम मांडला. आपल्याकडे पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट हे औषध बनवते. आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे, आणि पुढे गरजेप्रमाणे वर्षभर किंवा तीन वर्षांपर्यंत मधूनमधून. हे औषध खरवडल्यावर लगेच का देत नाहीत, असे काकांच्या पुतण्याने मला विचारले. त्यात जिवंत जंतू असतात. आतली जखम ओली असताना दिले तर ते रक्तात जाऊ शकतात. म्हणून दोन ते चार आठवडे थांबतात, आणि लघवीत रक्त दिसत असेल किंवा ताप असेल तर तो डोस पुढे ढकलतात. अशा वेळची वाट ही उपचाराचाच भाग आहे.

रोग स्नायूत गेला असेल तर गोष्ट मोठी असते. मूत्रपिंडे चांगली असतील तर आधी तीन-चार वेळा केमो, मग मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया. लघवीसाठी आतड्याच्या तुकड्यातून पोटावर वाट काढतात आणि तिथे पिशवी लावतात, किंवा काही जणांना आतड्याचेच नवे मूत्राशय करून देतात. निवडक रुग्णांत मूत्राशय न काढता खरवडणे, केमो आणि रेडिएशन एकत्र करून इलाज होतो. तो आपल्याला चालेल का, हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. पोटावरच्या पिशवीच्या नुसत्या नावाने पळालेले रुग्ण मी पाहिले आहेत. पिशवी लावून शेतात काम करणारेही पाहिले आहेत. पिशवीचा निर्णय होण्याआधी ती लावलेल्या एखाद्या माणसाशी भेट घालून द्या, असे वॉर्डातल्या सिस्टरला सांगा. आमच्यासारख्या शंभर सल्ल्यांपेक्षा ती भेट कामाची.

सिनेमाचे दिग्दर्शक-अभिनेते महेश मांजरेकर यांना हाच कर्करोग झाला होता. २०२१ मध्ये मुंबईत त्यांची शस्त्रक्रिया झाली. त्याआधी 'अंतिम' या चित्रपटाचे काम चालू असताना केमो घेतल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्यांच्याकडे साधने होती, मुंबईचे मोठे रुग्णालय दाराशी होते, हे खरेच. पण क्रम तोच होता. आधी औषध, मग शस्त्रक्रिया. 'केमो देताहेत म्हणजे ऑपरेशनच्या पलीकडे गेले' असे आपल्या वस्तीत बोलले जाते, ते खरे नाही.

वाट कुठवर पाहायची

थांबायला सांगितले की किती थांबायचे तेही विचारा. रिपोर्ट तीन आठवड्यांत हाती आला नाही तर स्वतः जाऊन चौकशी करा. दुसरी खरवडणी सांगितली असेल तर ती सहा आठवड्यांच्या आत व्हावी. रोग स्नायूत असेल तर निदानापासून तीन महिन्यांच्या आत खरा उपचार, म्हणजे केमो, शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन, सुरू झालेला हवा. त्याहून उशीर झालेल्यांचे निकाल वाईट लागतात, हे अनेक ठिकाणच्या अभ्यासांत दिसले आहे.

"कळवू" हे उत्तर घेऊन बसमध्ये बसू नका. कोण कळवणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि कळवले नाही तर आम्ही कोणत्या खोलीत यायचे, हे तिन्ही कार्डावर लिहून घ्या. आपल्या गावांत रेंज कधी असते, कधी नसते. म्हणून दोन मोबाईल नंबर द्या, त्यातला एक चामोर्शी किंवा गडचिरोलीत राहणाऱ्या नातेवाइकाचा. दवाखान्याने तीनदा फोन लावला आणि 'संपर्क क्षेत्राबाहेर' आला म्हणून गेलेली तारीख परत मिळवायला महिना लागतो.

हा रिकामा वाटणारा काळ कागदांच्या कामाचा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात गडचिरोली होता. तेव्हा तिचे नाव राजीव गांधी जीवनदायी होते. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार तिच्यात बसतात. पण आधार आणि रेशनकार्डावरचे नाव जुळले पाहिजे. एकावर टोपणनाव, दुसऱ्यावर आडनावाचे वेगळे स्पेलिंग, एवढ्यावरून मंजुरी अडते. तहसीलच्या फेऱ्या आत्ताच मारून घ्या, भरतीच्या दिवशी नको. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटा. योजनेचा फोन नंबर १५५३८८. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या मोफत आहेत. म्हणून हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, साखर यासारख्या तपासण्या चामोर्शीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा गडचिरोलीला करून नागपूरला जाता येते. तिथल्या बाहेरच्या लॅबमध्ये पैसे घालवू नका.

दुसरीकडे दाखवायचे असेल तर मोकळ्या मनाने दाखवा. नागपूरचे सुपर स्पेशालिटी आणि राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, मुंबईत परळचे टाटा, सगळी नावे आपल्याकडे माहीत आहेत. पण नुसता रिपोर्ट घेऊन गेलात तर ते काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे मागतील आणि तुम्ही २०० किलोमीटर परत याल. पहिल्या दवाखान्याच्या पॅथॉलॉजी विभागात अर्ज दिला की ते मिळतात. शस्त्रक्रियेची नोंद आणि सीटीची सीडीही मागून घ्या. मे महिन्यात ठोकळे टिनाच्या छपराखाली किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, मेण वितळते. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. दवाखान्याकडून ठरलेल्या नमुन्यावर सही-शिक्का घ्यावा लागतो. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, म्हणून सोबतीला बाईमाणूस गेले तर तेवढेच पैसे वाचतात.

घरात या काळात काय होते, तेही लिहायला हवे. पहिली गोष्ट म्हणजे लपवालपवी. 'बुढ्याले सांगू नका, खचून जाईल.' मला हे पटत नाही. ज्याला आजाराचे नाव माहीत नाही तो रोवणी सोडून रिपोर्टला का जाईल? काकांचेही तेच झाले होते, पुतण्याला ठाऊक होते आणि काकांना नाही. मी त्यांच्यासमोर कॅन्सर हा शब्द उच्चारला तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मले वाटलंच होतं. रात्रभर झोप येत नाही मले." न सांगितल्याने माणूस झोपत नाही. तो एकटा जागतो, एवढेच.

दुसरी गोष्ट झाडपाल्याची. वाट बघणाऱ्या माणसाला काहीतरी करावेसे वाटते, आणि वैदू जवळ असतो. मी जंगलातल्या सगळ्या औषधांना नावे ठेवणार नाही. पण सापसंद म्हणजे ईश्वरमूळ आणि त्याच्या कुळातल्या वनस्पतींत असे आम्ल असते की ज्याने मूत्रपिंडे निकामी होतात आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो, हे सिद्ध झालेले आहे. पुडीत काय कुटले आहे हे आपल्याला कळत नाही. क्रिएटिनिन वाढले की चांगली केमो हातची जाते. दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेतल्या तरी मूत्रपिंडांना तोच धोका.

आणि बिडी. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वात मोठे कारण धूम्रपान. धुरातले विष रक्तात जाते, मूत्रपिंडे ते गाळतात आणि लघवीसोबत ते तासन्‌तास मूत्राशयात साचून राहते. 'आता झालाच आहे तर सोडून काय उपयोग' असे म्हणतात. उपयोग आहे. ओढत राहणाऱ्याचा रोग जास्त परत येतो आणि भूल व जखम दोन्ही जड जातात. बिडी सोडून खर्रा धरला तर तो इलाज नव्हे.

वाट बघताना तारखेची पर्वा न करता लगेच निघायचे प्रसंगही असतात. गुठळी अडकून लघवी पूर्ण बंद होणे, थंडी वाजून ताप येणे, थांबतच नाही असे रक्त, कुशीत एका बाजूला जबर दुखणे, किंवा उलट्या होऊन लघवी कमी होत जाणे. १०८ ला फोन करा आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. नळी घालून मूत्राशय धुण्याचे काम नागपूरपर्यंत थांबत नाही.

काकांचा रिपोर्ट पुतण्याने त्याच आठवड्यात आणला. हाय ग्रेड, गिलाव्यापर्यंत उतरलेला, आणि तुकड्यांत स्नायू आलेला नव्हता. दुसरी खरवडणी सहा आठवड्यांच्या हद्दीत बसली नाही, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. स्नायूत रोग सापडला नाही. सप्टेंबरपासून दर आठवड्याला नागपूर, पहाटेची गाडी, बीसीजी आत सोडल्यावर दोन तास लघवी धरून ठेवायची आणि संध्याकाळी परतीची बस. एक डोस तापामुळे आठवडाभर पुढे गेला, आणि या वेळी कोणी घाबरले नाही. सहाही डोस झाले आहेत. बिडी पूर्ण सुटलेली नाही, दिवसाला दोनवर आली आहे, असे ते सांगतात. काकू चार म्हणतात. पुढची दुर्बीण नोव्हेंबरच्या शेवटी आहे. तेव्हा धानाची कापणी जोरात असेल. काकूंनी पुतण्याला आत्ताच सांगून ठेवले आहे की त्या दोन दिवसांचे मजूर त्याने बघायचे.